पुराच्या रस्त्यावरचा पोळा

जळगावात श्रावण सरत आला की बाजारात मातीचे बैल येतात. हातगाडीवर दाटीवाटीनं उभे असतात, अंगाला चुना, शिंगांना लाल रंग. परवा शेजारची नवी सून दोन बैल घेऊन आली आणि मला विचारायला लागली, "काकू, यांचं नेमकं करायचं काय असतं?" मी सांगत होते, पाटावर मांड, हळदकुंकू वाहा, पुरणाचा नैवेद्य दाखव. तेवढ्यात गल्लीतून भोंगा लावलेली रिक्षा गेली. वरच्या धरणाचे दरवाजे उघडलेत, तापीकाठच्या गावांनी सावध राहावं. माझं बोलणं तोंडातल्या तोंडात राहिलं. ती बिचारी घाबरली, मला चक्कर आली असं वाटून पाणी आणायला धावली.

चक्कर वगैरे काही नव्हती. पोळा आणि धरणाचे दरवाजे, या दोन गोष्टी एका दमात कानावर पडल्या की माझं असं होतं. इतकी वर्षं झाली, मुलं मोठी झाली, माझे गुडघे कुरकुरायला लागले, तरी त्या दुपारचा धक्का काही उतरत नाही. उतारवयात माणूस विसरभोळं होतं म्हणतात. कोण म्हणतं कोण जाणे. मी चष्मा विसरते, गॅस विसरते, पण ती दुपार विसरत नाही.

माझं माहेर शिंदखेडा तालुक्यात, अगदी तापीच्या काठाला. उन्हाळ्यात नदी अशी गरीब की पलीकडचा माणूस चपला हातात घेऊन बोलत बोलत यायचा. वाळवंटात टरबुजाच्या वाड्या असायच्या. पावसाळ्यात तीच नदी अंगणात येऊन बसायची. जुन्या लोकांना पुराची चाहूल लागायची. पाण्याचा रंग बदलायचा, मुंग्या भिंतीवर चढायच्या, गुरं रात्रभर उभी राहायची. धरण झालं आणि ही विद्या फुकट गेली. वर पाऊस, खाली कडक ऊन आणि तरी पूर. "पहिले पूर आभायमाथीन ये, आते साहेबनी सहीवर येस," असं आमचे आबा म्हणायचे.

आबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांना मूलबाळ नव्हतं, आम्हीच त्यांची मुलं. वडिलांना सगळं गाव नाना म्हणायचं, पण घरात नाना नावापुरतेच मोठे. काय पेरायचं, कोणाला बोलवायचं, कोणाची सोयरीक करायची, सगळं आबा ठरवणार आणि नाना "हा" म्हणणार. नानांनी आबांना कधी उलटून उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. आई मागे चिडवायची, "तुम्हना बापले देवनी जीभ दिधी, पन ती आबाजवय गहान शे." नाना हसायचे आणि बैल सोडायला निघून जायचे.

आबांचा जीव होता कागदी लिंबाच्या बागेवर. गावाचा खालचा शेंडा जिथे संपतो आणि नदीकडची बौद्ध वस्ती सुरू होते, त्या दोहोंच्या मध्ये ती बाग. झाडं नुकती कुठे फळायला लागली होती. आबा संध्याकाळी बागेत जायचे, एखादं पान चुरगळून हुंगायचे आणि तसाच हात आमच्या नाकाशी धरायचे. अजूनही लिंबाच्या पानाचा वास आला की मला आबांचा खरखरीत तळवा आठवतो.

त्या उन्हाळ्यात मोजणीवाले आले. ऐंशीच्या दशकाचा शेवट. मागच्या एका पुरात काठची घरं वाहून गेली होती, तेव्हा सरकारनं मनावर घेतलं. गावातून थेट बरडावरच्या शाळेपर्यंत उंच भरावाचा रस्ता होणार, पूर आला की त्या रस्त्यानं सगळ्यांनी वर जायचं. बरड म्हणजे आमच्याकडची उंचावरची माळजमीन. तिथे फक्त शाळा, दोन खैराची झाडं आणि वारा. रस्त्याला कागदावर काहीतरी भारदस्त नाव होतं. आम्ही त्याला पुराचा रस्ता म्हणायला लागलो. चुन्याच्या पांढऱ्या रेघा पडल्या आणि गावाची झोप उडाली.

चावडीपुढे सभा भरली. साहेब धुळ्याहून आलेले, घामानं भिजलेले, पण स्वभावानं गोड. म्हणाले, "ज्याला जी शंका असेल ती मोकळेपणानं सांगा." झालं! आमच्या गावाला मोकळेपणानं सांगा म्हटलं की पंचाईत साहेबाचीच. एकाला भीती की रस्त्याचं पाणी त्याच्या गोठ्यात उतरेल. दुसऱ्याला काळजी की रस्ता उंच झाला की येणारेजाणारे त्याच्या न्हाणीत डोकावतील. तिसऱ्याचं म्हणणं, रस्ता मारुतीच्या उजव्या अंगानं न्या, डाव्या अंगानं नेला तर देव पाठमोरा होतो. एक म्हातारबा तर उठून म्हणाले, "रस्ता करा, पन त्यावरथीन भायेरना लोके गावमा यी जातीन, त्यानं काय?" साहेब सगळं ऐकून घेत होते. मी आणि माझ्या मैत्रिणी चावडीच्या मागच्या खिडकीत तोंडाला पदर लावून हसत होतो.

मग आबा उठले. रस्त्याची रेघ चावडीपासून खाली वस्तीपर्यंत नेली होती आणि ती नेमकी लिंबाच्या बागेतून जात होती. आबा शांतपणे म्हणाले, "रस्ता चावडीलगूनच ऱ्हाऊ द्या. त्या लोके तठलगून पायी येतीन." आबांच्या पुढे कोण बोलणार?

शांताक्का बोलली. खालच्या वस्तीतली. नवरा धुळ्याला गिरणीत कामाला, इथे थोडी जमीन आणि बैलजोडी तीच सांभाळायची. गाडी हाकताना डोक्यावरचा पदर कमरेला खोचायची, तसाच तेव्हाही खोचलेला होता. ती म्हणाली, "आबा, पानी पहिले आमना चुल्हामा येस. मंग चावडीलगून आम्ही काय पवत येवानं का?"

कोणीतरी खाकरलं. शांताक्का थांबली नाही. "आनि साहेब, एवढा उंच रस्ता बायास्नी गोदरीजवयथीन लई जाशात, तं बायास्नी सकायमा जावानं कोठे? हाई बी लिखी ल्या."

गोदरी म्हणजे बायकांची परसाकडची जागा. ही शंका गावातल्या एकूण एक बाईला होती. महिनाभर विहिरीवर दुसरं बोलणं नव्हतं. पण चावडीवर, पुरुषांच्या देखत, साहेबाच्या तोंडावर! मागे खिडकीत आमचं हसणं जागच्या जागी थिजलं. आईनं तर कानाला हात लावला. घरी आल्यावर म्हणाली, "बाईनी जीभ शे का इळा!" पण त्या म्हणण्यात राग नव्हता, थोडा हेवाच होता.

साहेबांनी गोदरीपाशी रेघ वळवली आणि रस्ता वस्तीपर्यंत ठेवला. जाताना म्हणाले, "गावात बैलगाड्या भरपूर आहेत, तेव्हा ट्रकची वाट बघायची गरज नाही. दवंडी झाली की गाड्या जुपायच्या आणि निघायचं." सगळ्यांनी मोठ्या अभिमानानं माना डोलावल्या. आमच्या गावच्या बैलांचं नाव पंचक्रोशीत होतं. एवढ्या शंका निघाल्या त्या सभेत, पण या वाक्यावर कोणालाच काही शंका आली नाही.

बाग मधोमध कापली गेली. कुऱ्हाडी चालल्या त्या दिवशी गावभर लिंबाचा वास सुटला, गोड, हिरवा, नाकात झोंबणारा. पोरं हिरवी लिंबं झोळीत भरून नेत होती. आबा बांधावर बसून होते. हिवाळ्यात एका सकाळी ते उठायला गेले आणि उठता आलं नाही. डावं अंग गेलं, जीभ जड झाली. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्तदाबाचा त्रास जुना आहे. आमच्या घरानं मात्र ठरवून टाकलं की आबांना रस्त्यानं पाडलं.

आणि रस्ता कसा झाला म्हणून सांगू? देखणा. मुरमाचा भराव, वर खडी, दाबून दाबून गुळगुळीत केलेला. पुराचा पत्ता नव्हता, तोवर गावानं त्याचा संसार मांडला. बायका त्यावर मिरच्या वाळत घालायच्या. लग्नाच्या वराती मुद्दाम तिकडून वळसा घालून जायच्या. नवीन लुना घेतलेला मास्तर त्यावर पडायला शिकला. ज्यांनी चावडीवर सगळ्यात जास्त वाद घातला तेच संध्याकाळी हवा खायला तिथे येऊन बसायचे. आबांची खाट मात्र रस्त्याकडे पाठ करून टाकलेली असायची.

मग तो पोळा आला.

आमच्याकडचा पोळा ज्यानं पाहिला नाही त्याला कसं सांगू? सकाळपासून बैलांची आंघोळ, शिंगांना हिंगूळ, वर बेगड, गळ्यात घुंगुरमाळा, पाठीवर झूल. चुलीवर खापर चढलेलं, त्यावर आई मांडे भाजत होती. बैलाला त्या दिवशी जुवाला जुपायचं नाही, काठी उगारायची नाही, साधं हाड म्हणायचं नाही. वर्षभर ज्याच्या मानेवर सगळं घर जगतं, त्याला एक दिवस मोकळी मान. घरातला लहानात लहान माणूसही हे पाळायचा. आमचे मोरा आणि लाल्या दारात उभे होते, नवरदेवासारखे, आणि नानांच्या अंगावर नवं धोतर होतं.

दुपारच्या आधी जीप आली. भोंग्यावरून सांगत गेली, धरणाचे दरवाजे उघडले आहेत, आज संध्याकाळच्या आत गाव रिकामं करा. ऊन पडलेलं होतं. आभाळात ढगाचं बोटही नव्हतं. आई म्हणाली, "नैवद्य तं व्हऊ द्या." सगळ्या गावानं तेच म्हटलं. मग नाल्याकडून पोरं ओरडत आली. पाणी नदीकडून उलटं नाल्यात शिरलं होतं आणि हळूहळू, आवाज न करता, गल्लीकडे सरकत होतं. गढूळ, वर फेस, फेसात काड्या आणि कुणाचं तरी केरसुणीचं बूड.

गावात ट्रॅक्टर एकच. तो पहिल्याच खेपेला बरडाच्या चढापाशी भरावावरून खाली घसरला, चिखलात कलला आणि तिथेच राहिला. मग उरल्या गाड्या. घरोघर गाडी होती, घरोघर बैल होते, सजवलेले, खाऊनपिऊन ताजे. आणि एकही गाडी जुपली जात नव्हती.

मी दारात उभी राहून बघत होते आणि मला काही समजत नव्हतं. माणसं बोचकी बांधत होती, कोंबड्या टोपल्याखाली कोंडत होती, म्हाताऱ्यांना उठवून बसवत होती. गाडीपाशी यायची, जुवाकडे बघायची आणि शेजारच्या दाराकडे बघायची. शेजारचाही इकडेच बघत असायचा. पहिलं जू कोण ठेवणार? पोळ्याला ज्यानं बैल जुपला त्याच्या घरात वर्षाच्या आत काहीतरी होतं, ही गोष्ट सगळ्यांच्या आज्ज्यांनी सांगितलेली. नाना आबांच्या खाटेपाशी गेले. उभ्या उभ्या विचारलं, "आबा, काय करूत?" आबांनी जड जिभेनं तीनच शब्द काढले. "पोयाले जू नही."

समोर तो रस्ता. कोरडा, रुंद, उंच. त्यावर चिटपाखरू नव्हतं.

माझा मुलगा ही गोष्ट ऐकून हसतो. म्हणतो, "आई, पाणी दारात आणि तुम्ही बैलांना सुट्टी देत बसलात?" मी त्याला काय सांगू? बाहेरून बघितलं तर वेडेपणाच तो. पण वर्षभर दिलेला शब्द नेमका आपल्या जिवावर बेतला म्हणून मोडायचा, ही लाज माणसाला पाण्यापेक्षा मोठी वाटू शकते. हे मला पटत नाही, तरी मी ते पाहिलं आहे. आणि पाहून मी आतून गोठले होते, हेही तितकंच खरं.

रस्त्यावर बैलगाडीची पहिली चाकं वाजली ती खालच्या बाजूनं. शांताक्काची गाडी. त्या वस्तीनं दीक्षा घेतल्यापासून पोळा सोडलेला होता, त्यांच्या बैलांच्या शिंगांना ना बेगड ना हिंगूळ. गाडीत पोरं, म्हाताऱ्या, एक बाळंतीण, चार भांडी. पाणी त्यांच्या चुलीत खरंच सगळ्यात आधी शिरलं होतं. गाडी कापलेल्या बागेतून वर आली आणि आमच्या दारापाशी शांताक्कानं कासरा ओढला.

"नाना, गाडी जुपा ना! कसानी वाट देखी राहिनात?"

नाना खाली बघत म्हणाले, "पोया शे ना व, अक्का."

शांताक्कानं मोराकडे बघितलं, लाल्याकडे बघितलं, मग ओट्यावरच्या आबांकडे बघितलं. मला वाटलं ती आता चावडीवरचं सगळं उगवून घेणार. तिनं एकच शब्द विचारला. "मंग?"

तिची गाडी गच्च भरलेली होती. तिनं बैलांना हाक दिली आणि ती गेली. मागे बसलेली पोरं आमच्या सजलेल्या बैलांकडे मान वळवून वळवून बघत होती. मला त्या क्षणी इतकी शरम वाटली की मी आत पळाले आणि चुलीवरचा मांडा जळत होता तो तसाच बघत उभी राहिले.

आबांना खाटेसकट उचलून न्यायचं ठरलं. चौघे पुढे झाले, खाट खांद्याला लागली आणि आबांनी जी आरोळी ठोकली, महिनोन् महिने न फुटलेला आवाज होता तो. "खाली ठेवा! मी आजून जित्ता शे!" चौघांच्या खांद्यावरून माणूस एकदाच जातो. चौघांनी खाट खाली ठेवली. पाणी तोवर आमच्या ओट्याच्या पहिल्या पायरीला लागलं होतं. आई रडायला लागली. बैल जुपायचा नाही, खांद्यावर जायचं नाही, मग या माणसाला इथेच बुडू द्यायचं का?

तेव्हा नाना गाडीपाशी गेले. धोतराचा काष्टा वर खोचला, टोपी काढून आईकडे दिली आणि वाकून जुवाखाली मान घातली. मला आधी वाटलं ते जू उचलून बाजूला ठेवताहेत. ते तसेच उभे राहिले. मग हाक मारली, "गुलाब, ये रे." गुलाब आमचा सालदार, वर्षाच्या करारानं राहिलेला भिल्ल गडी. तो एक क्षण थांबला आणि दुसऱ्या बाजूनं आत शिरला. आबांना गाडीत बसवलं, शेजारची पांगळी म्हातारी बसवली, पोरं टाकली. गाडी हलली.

हे बघून गल्लीतून एकेक जू माणसांच्या खांद्यावर गेलं. आमच्या त्या देखण्या रस्त्यावरून त्या दुपारी गाड्यांची रांग निघाली. जुवाखाली धोतरं नेसलेली माणसं, तोंडं लाल, मानेच्या शिरा ताणलेल्या. आणि मागे बायकांनी धरलेले बैल, मोकळे, घुंगरं वाजवत, झुली मिरवत. दोन्ही बाजूंना पाणी चकाकत होतं आणि ऊन लख्ख पडलेलं होतं. मी लाल्याचा कासरा धरून चालत होते. मला ओरडावंसं वाटत होतं. पोळ्याला घुंगरं वाजतात म्हणून लोक खूश होतात. मला तो आवाज अजून सहन होत नाही.

नंतरचं नीट झालं म्हणायचं. गावातलं एकही माणूस गेलं नाही. शांताक्का पोरं शाळेत उतरवून रिकामी गाडी घेऊन परत आली आणि चढावर अडलेल्या म्हाताऱ्यांना वर घेऊन गेली, कोणाचं घर ते न विचारता. आमच्या घराची मागची भिंत पडली. उरलेली लिंबं चिखलात मेली. त्यानंतर गावानं ठरवलं की दवंडी झाली तर पोळा असो की दिवाळी, बैल जुपायचे. ठराव झाला, सह्या झाल्या. आबा पुढे काही वर्षं जगले आणि त्यांची खाट रस्त्याकडे तोंड करून पडू लागली.

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी आम्ही रस्त्याच्या मध्यावर होतो. चढ सुरू व्हायचा होता. नानांच्या पाठीवरचा सदरा घामानं काळा पडला होता, खांद्यापाशी फाटून आतलं सोललेलं कातडं दिसत होतं. गुलाब धापा टाकत होता. चाक एका खड्ड्यात गेलं, नाना गुडघ्यावर आले, पुन्हा उठले. गाडीत आबा एका हातानं दांडी धरून बसले होते आणि त्यांची नजर धाकट्या भावाच्या मानेवरून हलत नव्हती. मी बाजूला होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. तसा चेहरा मी त्यांच्या बागेवर कुऱ्हाड पडली तेव्हाही पाहिला नव्हता. त्यांचे ओठ हलायला लागले. शब्द जुळायला वेळ लागला.

"थांब," आबा म्हणाले. "थांब रे नाना. बैल... बैल जुप."

नाना थांबले नाहीत. त्यांनी मान वळवली नाही, वळवता येतच नव्हती. जन्मात पहिल्यांदा त्यांनी थोरल्या भावाला उलटून उत्तर दिलं.

"आते नही, आबा. आते मी जुपायेल शे."